लहान मुलांच्या कपड्यांचे रंग कसे निवडावेत आणि एकमेकांवर कसे जुळवावेत?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. कपाटात ढीगभर कपडे आहेत पण एकावर एक जात नाहीत, पाच वर्षांची लेक गुलाबीशिवाय काही अंगाला लावू देत नाही, आणि सासूबाई म्हणतात धाकटा सावळा आहे, त्याला गडद रंग घेऊ नका. मी सांगलीत लहान मुलांचे कपडे शिवते, त्यामुळे तिन्ही गोष्टी कानावर रोजच्याच. तिसरीचं आधी सांगते, कारण तिथेच माझं डोकं फिरतं.

सावळ्या मुलाला मोरपंखी, डाळिंबी, हळदी, बॉटल ग्रीन हे रंग इतके खुलतात की बघत राहावं. ‘उजळ दिसावा’ म्हणून त्याला फिकट पिस्ता नाहीतर बेबी पिंक चढवला की चेहरा उगाच उतरल्यासारखा वाटतो. आणि दोन वर्षांच्या पोराला उजळ दिसायची गरज तरी काय आहे? कापड खिडकीशी नेऊन त्याच्या हनुवटीखाली धरा आणि तुमची नजर आधी कुठे जाते ते बघा. चेहऱ्याकडे गेली तर रंग घ्या, कापडाकडेच खिळली तर ठेवून द्या. गोऱ्या मुलालाही हीच पारख लागू. सासूबाईंना समोर बसवून करा, वाद घालावा लागणार नाही.

आता कपाट. आपण मुलांचे कपडे बहुतेक ‘सेट’मध्ये घेतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो. पँट गुडघ्यावर फाटते, शर्ट बाहीत आखूड होतो, दोन्ही एकाच वेळी कधीच बाद होत नाहीत. मग पोपटी-केशरी सेटमधली केशरी पँट एकटीच उरते आणि तिच्यावर घालायला घरात काही नसतं. म्हणून खालचे कपडे दोन-तीन शांत रंगांतच घ्या: नेव्ही ब्लू, राखाडी, बिस्किट रंग. मुलीच्या लेगिंगलाही तेच. वरती मग काय हवा तो धुमाकूळ घालू दे, डायनासोर काय नि फुलपाखरं काय. आठवड्यातले बरेच दिवस युनिफॉर्ममध्ये जातात, ‘कलर ड्रेस’ घालायचे दिवस मोजकेच, त्यामुळे कपड्यांची संख्या वाढवण्यापेक्षा एकमेकांवर जाणारे असणं महत्त्वाचं. बालवाडीतल्या रेड डे, येलो डेसाठी आणि नवरात्राच्या नऊ रंगांसाठी नवे ड्रेस घेत सुटू नका. त्या रंगाचा साधा टी-शर्ट आणि खाली नेव्ही, झालं.

जुळवायचं कसं, तर छापातला रंग उचलायचा. फक्त जो सगळ्यात जास्त दिसतो तो नाही, जो कमी आहे तो. समजा पांढऱ्या कापडावर लाल चेरी आहेत, त्यांना बारीक हिरवी पानं आहेत. दहातल्या नऊ आया फ्रॉकची कॉलर लाल मागतात. पण लाल आधीच भरपूर असतो, त्यात लाल कॉलर आली की चेरी फिक्या पडतात आणि पानं तर दिसतच नाहीत. कॉलर आणि पायपिंग (कडेची बारीक पट्टी) पानांच्या हिरव्यात केलं की चेरी उठून दिसतात. रेडिमेडमध्येही हेच चालतं. छापाचा टी-शर्ट पालथा-सुलटा करून बघा, त्यात कुठेतरी राखाडी नाहीतर निळ्याची एखादी रेघ सापडते, त्या रंगाची पँट त्यावर जाते. छापावर छाप घालू नये म्हणतात, पण एक मोठा आणि एक बारीक असेल, शिवाय दोन्हींत एक रंग सारखा असेल, तर छान जातात. मोठ्या फुलांच्या टॉपवर त्याच निळ्यातल्या बारीक चौकड्यांचा स्कर्ट घालून बघा.

आपल्या आज्या परकर-पोलकं शिवताना हेच करायच्या, पोलकं काठाच्या रंगाचं. चिंतामणी परकराला राणी काठ असेल तर पोलकं राणी. खणाच्या कापडाला मात्र जरा जपून रंग जुळवावा लागतो. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आता कुठेही मिळतो, पण त्यातल्या धूपछाव कापडात ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या रंगाचा असतो. सरळ धरलं तर जांभळं, वळवलं तर लालसर. अशा कापडाला जुळणारं अस्तर किंवा झबल्याची नाडी घ्यायची तर त्या दोनांपैकी एक रंग धरा, मधला शोधत बसलात तर दिवस जाईल.

शोधायला मॅचिंग सेंटरमध्येच जा, तिथे ब्लाउजच्या टू बाय टू रुबिया कापडाच्या एकाच रंगाच्या कितीतरी छटा असतात. पण दिवसा जा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन मरून बाहेर उन्हात आल्यावर एक विटकरी आणि एक वांगी निघतो. कारण दोन्हींतले रंग वेगवेगळे मिसळून केलेले असतात, आणि प्रकाश बदलला की ते वेगळे दिसतात. म्हणून जुन्या बायका कापड हातात घेऊन दुकानाच्या दारात जायच्या. दुकानदार काही म्हणत नाही, जावं.

रंग सुटण्याचंही बघायला हवं. पांढऱ्या योकला (फ्रॉकच्या छातीवरच्या वेगळ्या तुकड्याला) मरून पायपिंग दिसतं देखणं, पण पहिल्या धुण्यात योक गुलाबी होतो. शिवायच्या आधी मी पायपिंगचा बोटभर तुकडा पांढऱ्या चिंधीला टाचून साबणाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवते. चिंधी रंगली तर ते पायपिंग पांढऱ्यावर लावत नाही. रेडिमेड घेताना शिवणीच्या आतल्या बाजूला ओला पांढरा रुमाल घासून बघा. मिठाच्या पाण्यात बुडवल्यावर रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, ते काही खरं नाही. रंगवताना मीठ लागतं, त्याने रंग पाण्यातून सुतावर चढतो. रंगवून झालेल्या कापडातून सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. असे कपडे वेगळे धुवायचे, इतकंच.

भावंडांना एकाच ताग्यातले कपडे शिवायची हौस असते. फोटोत दोघं बँडपथकातली दिसतात आणि समारंभ झाला की थोरली तो ड्रेस घालायचं नाव घेत नाही. त्यापेक्षा तिचा परकर चिंतामणी-राणी असेल तर धाकट्याचा कुर्ता मोतिया शिवा आणि गळ्याला फक्त राणी गोट द्या. फोटोत दोघं एका घरची दिसतात आणि कुर्ता पुढे कुठल्याही चुडीदारवर जातो.

पोहायला नेत असाल तर निळा-हिरवट पोशाख मात्र नकोच. पाण्याखाली तो दिसेनासा होतो. भडक नारिंगी नाहीतर फ्लोरोसंट गुलाबी घ्या, तिथे आवडीनिवडी बाजूला.

आणि लेकीचा गुलाबी. घालू द्या. मुलींना गुलाबी आणि मुलांना निळा हे काही पूर्वापार चालत आलेलं नाही. 1918 साली अमेरिकेत बाळांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने नेमकं उलट लिहिलं होतं, मुलांना गुलाबी, मुलींना निळा. तुमच्या लेकीला आज तो आवडतो, दोन वर्षांनी बहुधा त्याचं नावही काढणार नाही. तोवर गुलाबीच्या घरातलेच वेगवेगळे रंग आणा: राणी, अबोली, डाळिंबी, गुलबक्षी. त्यांच्याखाली राखाडी किंवा शेवाळी लेगिंग सुंदर दिसतं, पांढरं तितकं नाही. सकाळी ‘काय घालतेस?’ असं विचारू नका, दोन टॉप पुढे धरा आणि त्यातला एक तिला निवडू द्या. दोन्ही तुम्हाला चालणारे असले की झालं.