वाचक विचारतात : एकच नाटक, एकाच रात्री दोनदा

गेल्या अंकात नभोनाट्यांवर लिहिताना मी अमेरिकन रेडिओच्या सुवर्णकाळाचा ओझरता उल्लेख केला होता. साधारण 1930 ते 1950 या वीस वर्षांत तिथलं कुटुंबच्या कुटुंब संध्याकाळी रेडिओभोवती बसायचं, असं काहीसं. त्या दोन ओळींवर भरपूर पत्रं आली. माझी सगळी नोकरी रेडिओच्या नाट्यविभागात गेली, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. या वेळची सगळी जागा त्यालाच देते.

प्रश्न (नाशिकहून एक निवृत्त शिक्षक) : अमेरिकेत पहिलं रेडिओ केंद्र कोणतं आणि ते कधी सुरू झालं?

उत्तर : सर, बहुतेक ठिकाणी तुम्हाला पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राचं नाव मिळेल. 2 नोव्हेंबर 1920 च्या रात्री त्यांनी हार्डिंग आणि कॉक्स यांच्यातल्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले. डेट्रॉइटचं एक केंद्र त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून चालू होतं, म्हणून पहिलेपणाचा मान कुणाचा यावर वाद आहे. मला त्या वादात रस नाही. केडीकेए का सुरू झालं, ते मात्र सांगण्यासारखं आहे. वेस्टिंगहाउस कंपनीतले फ्रँक कॉनरॅड हे इंजिनियर आपल्या घरच्या गॅरेजमधून हौसेने ग्रामोफोनच्या तबकड्या वाजवून हवेत सोडायचे. आसपासची हौशी मंडळी ते ऐकायची. गावातल्या हॉर्न नावाच्या मोठ्या दुकानाने ते पाहून जाहिरात दिली, की ऐकण्याचे सेट आमच्याकडे 10 डॉलरपासून मिळतील. ती जाहिरात वेस्टिंगहाउसच्या हॅरी डेव्हिस या अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. लोकांनी सेट विकत घ्यायचे तर त्यांना रोज ठरलेल्या वेळी काहीतरी ऐकायला मिळालं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं आणि केंद्र उभं राहिलं. थोडक्यात, अमेरिकेत कार्यक्रम आले ते सेट खपावेत म्हणून. पुढे 1930 च्या जनगणनेत सुमारे 40 टक्के कुटुंबांकडे रेडिओ होता आणि 1940 मध्ये 80 टक्क्यांहून जास्त घरांत.

प्रश्न (कोल्हापूरहून एक दुकानदार) : आमचे वडील दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याचे पैसे भरायचे. अमेरिकेत परवाना नव्हता म्हणतात. मग एवढे कलाकार, वाद्यवृंद, लेखक, यांचे पैसे कोण द्यायचं?

उत्तर : साबणवाले, टूथपेस्टवाले, कॉफीवाले. पण हे आपोआप झालं नाही. सुरुवातीला जाहिरातीला मोठ्या लोकांचाच विरोध होता. तेव्हाचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांनी 1922 मध्ये, एवढं थोर साधन जाहिरातीच्या बडबडीत बुडू देणं कल्पनेपलीकडचं आहे, अशा अर्थाचं भाषण केलं होतं. त्याच वर्षी 28 ऑगस्टला न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावर क्वीन्समधल्या एका बिल्डरच्या माणसाने हॉथॉर्न कोर्ट या इमारतीतल्या घरांची माहिती दिली. दहा मिनिटांचे 50 डॉलर. तिथून वाट फुटली. 1926 मध्ये एनबीसी हे जाळं आलं, पाठोपाठ 1927 मध्ये सीबीएसचं, आणि टेलिफोन कंपनीच्या तारांवरून एकच कार्यक्रम देशभरातल्या केंद्रांवर पोहोचू लागला. मग मोठ्या कंपन्यांनी नुसती जाहिरात न देता अख्खा कार्यक्रमच घ्यायला सुरुवात केली. लेखक कोण, नट कोण, कथेत काय घडावं, हे त्यांच्या जाहिरातसंस्थाच ठरवायच्या. केंद्राने फक्त वेळ विकायचा.

दुपारच्या मालिका यातूनच आल्या. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी रेडिओ लावतात हे प्रॉक्टर अँड गॅम्बलने हेरलं. त्यांच्या ऑक्सिडॉल या कपडे धुण्याच्या पावडरसाठी 1933 मध्ये ‘मा पर्किन्स’ सुरू झाली. एका छोट्या गावात लाकडाची वखार चालवणारी ही विधवा म्हातारी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडचणी सोडवायची. ती भूमिका करणारी व्हर्जिनिया पेन तेव्हा अवघी 23 वर्षांची होती. ती 1960 पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, तीच म्हातारी राहिली, सात हजारांवर भाग झाले आणि तिने एकही चुकवला नाही. आयुष्यभर आवाजाशी काम केलेली बाई म्हणून सांगते, हे सोपं नाही. तरुण गळ्याने म्हातारीचा आवाज एक दिवस काढता येतो. रोज काढायचा तर त्या बाईचा स्वभाव अंगात मुरावा लागतो.

त्या पैशाची काळी बाजूही लिहायला हवी. देशातला सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम होता पेप्सोडेंटचा ‘एमॉस अँड अँडी’, एनबीसीवर 1929 पासून. रोज पंधरा मिनिटं. त्या वेळात सिनेमागृहं चित्रपट थांबवून प्रेक्षकांना तो ऐकवायची. त्यातली दोन कृष्णवर्णीय पात्रं रंगवणारे गॉस्डेन आणि कॉरेल हे दोघे गोरे होते, आणि विनोद उभा होता तो त्या पात्रांच्या बोलण्यावर, अडाणीपणावर. ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने 1931 मध्ये दहा लाख सह्या गोळा करण्याची मोहीम उघडली. कार्यक्रम चालूच राहिला, कारण टूथपेस्ट खपत होती. सुवर्णकाळ म्हणताना ज्यांची थट्टा होत होती त्यांची आठवण ठेवूनच म्हटलं पाहिजे, असं मला वाटतं.

प्रश्न (पुण्याहून नाट्यशास्त्राची एक विद्यार्थिनी) : ताई, तेव्हा संगणक नव्हते. घोडे, वादळं, आगी, मारामाऱ्या, हे आवाज कुठून आणायचे?

उत्तर : हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न! आणायचे नाहीत, तिथेच करायचे. नट माइकसमोर संहिता धरून उभे, आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्या माइकसमोर ध्वनिपरिणामवाला आपल्या पसाऱ्यात. नारळाच्या करवंट्या खडीवर आपटल्या की घोडा. मक्याच्या पिठाची पिशवी लयीत दाबली की बर्फातली पावलं. सेलोफेनचा कागद हळूहळू चुरगाळला की आग. पातळ पत्रा हलवला की गडगडाट. सैन्य चालवायचं तर लाकडी चौकटीत दोऱ्यांवर अनेक खुंट्या टांगलेल्या असत. ती चौकट फळीवर एका बाजूने टेकवत टेकवत आपटायची, म्हणजे सगळे पाय एकदम न पडता किंचित मागेपुढे पडतात, आणि कानाला पलटण चालल्याचा भास होतो. या शेवटच्या गोष्टीत सगळी विद्या आहे. आवाज खरा असून भागत नाही, त्यातला विस्कळीतपणाही खरा लागतो.

सीबीएसमध्ये या विभागाच्या प्रमुख होत्या ओरा निकोल्स. त्या आणि त्यांचे पती आर्थर आधी मूकपटांच्या थिएटरात पडद्यासमोर बसून वाद्यं आणि आवाजांची साथ करायचे. बोलपट आल्यावर ती कला रेडिओत आली. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या नाटकात मंगळावरच्या यानाचं झाकण फिरत फिरत उघडतं, हा आवाज त्यांनी स्वच्छतागृहात एका रिकाम्या बरणीचं झाकण सावकाश फिरवून काढला होता. त्या खोलीचा घुमारा त्यांना हवा होता.

आणि ‘फिबर मॅगी अँड मॉली’ या विनोदी मालिकेतलं कपाट! त्या घरातलं कपाट कुणी उघडलं की आतला सगळा पसारा अंगावर कोसळायचा. त्यासाठी एका छोट्या लाकडी जिन्यावर डबे, भांडी, बूट असल्या वस्तू रचून ठेवत आणि वेळ आली की ढकलून देत. धडधड, खणखण, मग क्षणभर शांतता, आणि सगळ्यांत शेवटी एका चिमुकल्या घंटीचा ‘टिंग’. लोक हसायचे ते त्या घंटीला. तुझ्या वर्गात करून बघ. घंटी अर्धा सेकंद लवकर वाजली तर हशा येत नाही.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक संगणक अभियंता) : माझे इथले शेजारी सांगतात की त्यांच्या ओळखीतला एक नट एकच नाटक एकाच रात्री दोनदा करायचा. ध्वनिमुद्रण तर तेव्हा होतं. मग दोनदा कशाला?

उत्तर : तुमचे शेजारी बरोबर सांगतात. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे 8 वाजतात तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळचे 5 असतात. म्हणून पूर्वेसाठी एकदा प्रयोग व्हायचा, कलाकार जेवून यायचे, आणि तीन तासांनी पश्चिमेसाठी पुन्हा तोच प्रयोग, त्याच वाद्यवृंदासह. कारण एनबीसी आणि सीबीएस या दोघांनीही ध्वनिमुद्रित कार्यक्रमांना आपल्या जाळ्यावर बंदी घातली होती. त्यांचं म्हणणं असं, की तबकडी ऐकवणं म्हणजे श्रोत्याची फसवणूक. तबकडीचा दर्जाही खालचा होता हे खरं. पण खरी मेख व्यवसायात होती. कार्यक्रम तबकडीवर भरून टपालाने कुठल्याही केंद्राला पाठवता आला असता, तर तारांच्या जाळ्याला कोण विचारणार?

या बंदीला एक मोठा अपवाद झाला तो तुमच्याच राज्यातला. 6 मे 1937 ला लेकहर्स्ट इथे हिंडनबर्ग हे जर्मन हवाई जहाज उतरताना पेटलं. शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्राचे हर्बर्ट मॉरिसन तिथे तबकडीवर वर्णन मुद्रित करत होते. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटतो, ते रडू लागतात, पण बोलायचं थांबत नाहीत. एनबीसीने आपला नियम मोडून त्याचा भाग दुसऱ्या दिवशी ऐकवला.

बंदी कायमची मोडली ती बिंग क्रॉस्बी या गायकाने. त्याला दर आठवड्याला थेट प्रक्षेपणाच्या वेळेला बांधून घ्यायचं नव्हतं. एनबीसी ऐकेना, तेव्हा 1946 मध्ये तो नव्या एबीसी जाळ्याकडे गेला आणि तबकड्यांवर कार्यक्रम भरू लागला. पण तबकडीवरून तबकडीवर उतरवताना आवाज खराब व्हायचा. इथे जॅक मलिन हा माणूस येतो. अमेरिकन सैन्यात असताना त्याने जर्मनीत टेप-रेकॉर्डर पाहिले आणि दोन यंत्रं, 50 रिळं सुट्या भागांत घरी पाठवली. 1947 च्या ऑक्टोबरपासून क्रॉस्बीचा कार्यक्रम टेपवरून जाऊ लागला. टेप कापता येते, जोडता येते. एका विनोदवीराचे चावट विनोद प्रसारित करण्याजोगे नव्हते, पण त्यांना मिळालेला हशा दणदणीत होता. मलिनने तो हशा जपून ठेवला आणि पुढे दुसऱ्या फिक्या विनोदाला जोडला.

तांत्रिकदृष्ट्या ही फार मोठी झेप होती आणि मीही जन्मभर टेपवरच काम केलं. तरीही माझं ठाम मत आहे, की अमेरिकन रेडिओच्या त्या वीस वर्षांचं बळ थेटपणात होतं. नट चुकला तर देशासमोर चुकणार, घंटी हुकली तर हुकली. त्यामुळे स्टुडिओतल्या प्रत्येकाचे कान एकमेकांकडे लागलेले असायचे. ते ऐकणाऱ्यालाही कळतं, आज ऐकलं तरी कळतं.

प्रश्न (अमरावतीहून एक वाचक) : मंगळावरचे लोक आले असं समजून अमेरिकेत लाखो माणसं रस्त्यावर पळाली, हे खरं का?

उत्तर : काही माणसं घाबरली, पोलिसांना आणि वृत्तपत्रांना फोन गेले, एवढं खरं. देशभर पळापळ झाली हे खरं नाही. 30 ऑक्टोबर 1938, सीबीएस, ऑर्सन वेल्स या नट-दिग्दर्शकाचं ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हे नभोनाट्य. नृत्यसंगीत चालू आहे आणि मधेच बातम्या येतात, अशी रचना. बातमीदाराची भूमिका करणाऱ्या फ्रँक रेडिकने तयारीसाठी मॉरिसनची हिंडनबर्गची तबकडी ऐकली होती, त्याचा उपयोग त्या प्रसंगात स्पष्ट जाणवतो. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. या कार्यक्रमाला प्रायोजक नव्हता. त्यामुळे मधे जाहिरात नाही, आणि ‘हे नाटक आहे’ ही आठवण करून देणारी घोषणा सुमारे चाळीस मिनिटांनी आली. पण ऐकत होतं कोण? त्या रात्री हूपर या संस्थेने टेलिफोनवरून केलेल्या पाहणीत जेमतेम 2 टक्के लोकांनी वेल्सचं नाव घेतलं. त्याहून कितीतरी जास्त लोकांनी एडगर बर्गन या शब्दभ्रमकाराचा कार्यक्रम लावला होता. भीतीचे मथळे वृत्तपत्रांनी रंगवले, आणि त्यांच्या जाहिराती रेडिओ पळवत होता हे विसरून चालणार नाही.

प्रश्न (ठाण्याहून एक ज्येष्ठ श्रोत्या) : हे सगळं संपलं कसं? आणि आता ऐकायचं तर काय ऐकू?

उत्तर : टेलिव्हिजन आला आणि प्रायोजक तिकडे गेले. 1948 नंतर हे फार वेगाने झालं. शेवटच्या दुपारच्या मालिका सीबीएसने 25 नोव्हेंबर 1960 ला बंद केल्या. 30 सप्टेंबर 1962 ला ‘सस्पेन्स’ आणि ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ या रहस्यमालिकांचे शेवटचे भाग झाले. तोवर रेडिओ गाणी आणि बातम्यांचा झाला होता.

ऐकायचं तर सुटे कार्यक्रम घेऊ नका, एक अख्खा दिवस घ्या. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूजेएसव्ही या केंद्राचं 21 सप्टेंबर 1939 चं सगळं प्रक्षेपण, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत, तबकड्यांवर भरून ठेवलेलं आहे आणि ते इंटरनेटवर सहज मिळतं. युरोपात युद्ध सुरू होऊन तीन आठवडे झालेत. सकाळी आर्थर गॉडफ्री हा निवेदक गाणी लावत गप्पा मारतो. मग एकामागून एक मालिका, साबणाच्या जाहिराती. दुपारी अध्यक्ष रुझवेल्ट संसदेसमोर तटस्थता कायद्यावर बोलतात. नंतर बेसबॉलचा सामना, आणि संध्याकाळी तेच एमॉस आणि अँडी. सकाळच्या मालिका कंटाळवाण्या वाटल्या तरी गाळू नका. त्या ऐकून झाल्यावर रुझवेल्टचं भाषण लागतं, तेव्हा ते त्या दिवशीच्या घरातल्या बाईच्या कानाला कसं लागलं असेल याचा अंदाज येतो.