ड्रायर बॉलवर नक्षी करण्याआधी

अगं, ड्रायर बॉल म्हणजे ड्रायरमध्ये कपड्यांबरोबर टाकायचा लोकरीचा गोळा. त्यावर रंगीत लोकर सुईनं टोचून नक्षी करायची घाई नको. आधी गोळा घट्ट हवा. भुसभुशीत गोळ्यावर टोचलेली फुलं ड्रायरमध्ये सुटतात. गाभ्याला आपल्याकडची घोंगडीची जाडीभरडी लोकर चालते, वरच्या रंगांना मात्र मऊ मेरिनो (मेरिनो मेंढीची बारीक लोकर) घे. अॅक्रेलिक अजिबात नको, ते लोकरीसारखं गुंतत नाही. फेल्टिंगची सुई (लोकर टोचून गुंतवायची खाचांची सुई) ज्या रेषेत आत गेली त्याच रेषेत बाहेर काढ, तिरकी ओढलीस की मोडलीच. ३८ नंबरच्या सुईनं लोकर बसव, ४० नंबरच्या बारीक सुईनं कडा साफ कर. खाली जाड स्पंज हवाच, मांडीवर धरून टोचू नकोस. गडद लाल लोकर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघ, नाहीतर शर्ट गुलाबी! आणि हे गोळे गरम हवेच्या ड्रायरचे. कोल्हापूरच्या पावसात कितीही वैतागलीस तरी सेमी-ऑटोमॅटिकच्या पिळायच्या टबात टाकू नकोस, तिथं त्यांचं काही काम नाही.