पहिली बातमी लिहिताना

शाळेच्या बातमीपत्रातली पहिलीच बातमी, आणि तीही बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याची? मजा आहे तुझी!

'दडपणाखाली उत्तम खेळ केला' हे वाक्य मात्र लिहूच नकोस. दडपण दिसू दे. फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीला) जेमतेम 5 सेकंद मिळतात. तेवढ्यात फेकणाऱ्या खेळाडूने चेंडू किती वेळा आपटला, बाकावरचे कुठे बघत होते, गुणफलकावर काय होतं, हे तिथल्या तिथे वहीत टिप. घरी गेल्यावर काही आठवत नाही.

'कसं वाटतंय?' विचारलंस तर 'छान' एवढंच मिळेल. 'शेवटच्या थ्रोआधी डोक्यात काय चाललं होतं?' असं विचार आणि मग गप्प बस.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- नावं. ज्याचं त्याच्याकडूनच लिहून घे. मी एकदा खेळाडूऐवजी तिच्या धाकट्या बहिणीचं नाव छापलं; महिनाभर दोघी माझ्याशी बोलत नव्हत्या.
- निकाल शेवटी. पहिल्या दोन ओळींतच सांगून टाक.
- ज्याचा थ्रो चुकला त्याला खलनायक करणं. तो उद्या तुझ्याच वर्गात बसणार आहे.

मथळा, मांडणी वगैरे नंतर बघू. आधी दीडशे शब्द लिहून दाखव.