संगणक-शंका : पॅनल सारखं का पडतं?

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप असलेली) आवृत्ती वापरतो. खालचं पॅनल (मेनू, घड्याळ, खिडक्यांची बटणं) मधेच गायब होतं आणि क्षणात परत येतं. परवा मशीन पुन्हा सुरू केल्यावर आलंच नाही. पॅनलचं पॅकेज रीइन्स्टॉल केलं, तरी तेच.

उत्तर : रीइन्स्टॉलने फक्त प्रोग्रामच्या फाइली बदलतात. होम फोल्डरमधल्या तुमच्या सेटिंगला ते हातही लावत नाही, आणि बिघाड बहुधा तिथेच असतो. खात्रीसाठी नवीन यूजर तयार करून त्यातून लॉगिन करा. तिथे पॅनल टिकलं, तर प्रोग्राम निर्दोष.

कंट्रोल-ऑल्ट-टी दाबा, मेनू नसला तरी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडतं. आधी ‘डीएफ -एच’ने डिस्क भरली नाही ना ते बघा. भरलेल्या डिस्कवर सेटिंगची फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते, मग बाकीचे उपाय फुकट. (आज्ञा इथे देवनागरीत छापल्यात, टाइप करताना रोमन, छोटी अक्षरं.)

आता ‘एक्सएफसीई४-पॅनल --क्विट’ने पॅनल बंद करा आणि ‘पॅनल_डीबग=१ एक्सएफसीई४-पॅनल’ने पुन्हा चालवा; यातलं ‘पॅनल_डीबग’ मात्र मोठ्या अक्षरांत. पॅनल पडेपर्यंत थांबा. शेवटच्या चार-पाच ओळींत अनेकदा एखाद्या प्लगइनचं (पॅनलवरच्या मेनू, घड्याळ अशा छोट्या भागाचं) नाव सापडतं. काही प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे पॅनलपासून स्वतंत्र, चालतात. ते कोसळले तर पॅनल उभंच राहतं आणि ‘पुन्हा चालवू की काढू?’ असं विचारतं. तुमच्याकडे अख्खं पॅनलच जातंय, म्हणजे संशय पॅनलच्या पोटात चालणाऱ्या प्लगइनवर. नाव मिळालं तर पॅनल प्रेफरन्सेसच्या आयटम्समधून तेवढं काढा. काम झालं.

नाव मिळालं नाही तर सेटिंग कोरी करायची. इथे बहुतेक जण फसतात : फाइल उडवतात आणि थोड्या वेळाने जुनीच परत येते. कारण एक्सएफकॉन्फडी ही सेवा सेटिंग स्मरणात धरून ठेवते आणि पुन्हा लिहिते. म्हणून क्रम पाळा. पॅनल क्विट, लगेच ‘पीकिल एक्सएफकॉन्फडी’ने ती सेवा बंद, मग होम फोल्डरमधल्या ‘.कॉन्फिग/एक्सएफसीई४’मधल्या ‘पॅनल’ फोल्डरचं नाव बदला. तिथेच ‘एक्सएफकॉन्फ’च्या आत ‘एक्सएफसीई-परचॅनल-एक्सएमएल’मध्ये ‘एक्सएफसीई४-पॅनल.एक्सएमएल’ आहे, तिचंही. डिलीट करू नका, लाँचर (प्रोग्राम उघडायची बटणं) परत हवे झाले तर जुनं हाताशी असू द्या. शेवटी ऑल्ट-एफ२ दाबून ‘एक्सएफसीई४-पॅनल’ चालवा. टर्मिनलमधून चालवलंत, तर टर्मिनल बंद करताच पॅनलही जाईल.

मशीन सुरू केल्यावर पॅनल न येण्याचं कारण बहुधा वेगळं. लॉगआउटच्या खिडकीत ‘सेव्ह सेशन’वर खूण असेल आणि त्या वेळी पॅनल पडलेलं असेल, तर ‘पॅनलविना’ हीच स्थिती जपली जाते. खूण काढून लॉगआउट करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ने कन्सोलवर (नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर) जाऊन लॉगिन करा आणि होम फोल्डरमधलं ‘.कॅश/सेशन्स’ रिकामं करा. मग कन्सोलमधून बाहेर पडून नेहमीसारखं लॉगिन करा.