माहितीचा ताबा कुणाकडे?

प्रश्न : कॅनडातल्या मूलनिवासी समाजात फॅमिली डॉक्टर आरोग्यावर संशोधन करतात, तेव्हा ‘समाजाचा सहभाग’ म्हणजे नक्की काय? रुग्णाची संमतीपत्रावर सही पुरत नाही का?

उत्तर : नाही पुरत. सही एका माणसाची असते, निष्कर्षाचा ठपका मात्र सगळ्या समाजावर बसतो. म्हणूनच फर्स्ट नेशन्स म्हणवणाऱ्या तिथल्या मूलनिवासी समाजांनी १९९८ मध्ये ‘ओकॅप’ तत्त्वं मांडली : माहितीची मालकी, तिच्यावर नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि प्रत्यक्ष ताबा. घोडं अडतं ते ताब्यापाशी, कारण माहिती विद्यापीठाच्या सर्व्हरवर राहते. ती कुठे ठेवायची, प्रकल्प संपल्यावर कुणाकडे जाईल, हे पहिला रक्तनमुना घेण्याआधीच लेखी ठरवा.

मॉन्ट्रियलजवळच्या कानावागे या मोहॉक मूलनिवासींच्या वस्तीतला शाळांमधला मधुमेह-प्रतिबंध प्रकल्प (१९९४) आवर्जून अभ्यासावा. तिथली संशोधन-आचारसंहिता समाजासोबत लिहिली गेली. निष्कर्षांच्या अर्थाबद्दल एकमत झालं नाही, तर दोन्ही बाजू मांडायच्या, असं तिच्यात ठरलं. ही तरतूद फार मोलाची आहे.

आणि संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतः मागू नये. ज्याच्या हाती आपली औषधं, त्याला नकार देणं रुग्णाला जड जातं. हे काम समाजातल्या प्रशिक्षित व्यक्तीकडे द्यावं, आणि तिला त्याचा मोबदलाही मिळावा.