राख खाली बसते, मग ऊन कोण अडवतं?

प्रश्न: ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला की पुढची एक-दोन वर्षं पृथ्वी जराशी गार राहते, कारण राख ऊन अडवते, असं वाचलं. पण राख म्हणजे शेवटी दगडच ना? मग ती इतके दिवस वर राहते कशी? आणि विमानं तिला एवढी का घाबरतात?

उत्तर: शंका रास्त आहे. राख फार काळ वर राहतच नाही. माझ्याकडे चिमूटभर अशी राख आहे. बोटांत चोळली की करकरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचेचे वाकडे, धारदार तुकडे दिसतात. फुटलेल्या बुडबुड्यांच्या त्या भिंती. शिलारस वर येताना दाब उतरतो, आत विरघळलेली वाफ आणि वायू फसफसून बाहेर पडू लागतात आणि शिलारसाच्याच चिंधड्या उडतात. जाड कण काही तासांत खाली येतात, बारीक कण काही दिवसांत, फार तर आठवड्यांत.

ऊन अडवतो तो गंधक. उद्रेक जोरदार असला तर सल्फर डायऑक्साइड हा गंधकाचा वायू थेट स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या वरच्या हवेच्या थरात पोचतो आणि काही आठवड्यांत त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे थेंब बनतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. तिथे पाऊस नाही, म्हणजे त्यांना धुऊन काढणारं कोणी नाही. म्हणून ते वर्ष-दोन वर्षं टिकतात आणि सूर्यप्रकाश परतवत राहतात.

म्हणूनच मी उद्रेकाचा फोटो पाहून घाबरत नाही, गंधक किती होता ते आधी विचारतो. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सने १९८० मध्ये राखेचा खच पाडला, पण हवामानाला फारसा धक्का बसला नाही. गंधकाचा वायू जेमतेम १० लाख टन होता. मेक्सिकोचा एल चिचोन १९८२ मध्ये फुटला, फार गाजावाजा न होता, पण वायू ओकला त्याच्या सातपट. फिलिपिन्सच्या पिनाटुबोने जून १९९१ मध्ये सुमारे दीड ते दोन कोटी टन वायू वर फेकला. तो ढग साधारण तीन आठवड्यांत पृथ्वीला वळसा घालून आला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरलं.

विमानांचं म्हणाल, तर तिथे मात्र दोष राखेचाच. इंजिनाच्या उष्णतेत ही काच वितळते आणि आतल्या पात्यांवर थिजून बसते. १९८२ मध्ये इंडोनेशियाच्या गालुंगगुंगच्या राखेत एका बोइंग ७४७ ची चारही इंजिनं बंद पडली होती. रात्रीची वेळ, आणि विमानातलं हवामानाचं रडार पाण्याचे थेंब टिपतं, कोरडी राख नाही. राखेतून खाली उतरल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरलं.