आतड्याच्या जोडावर पट्टी लावली म्हणजे लीक होणार नाही का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या गुदाशयाचं ऑपरेशन ठरलंय, जोडावर आधाराचं मटेरियल लावू असं सर्जन म्हणालेत, मग लीकची, म्हणजे आतड्याची दोन टोकं जिथे जोडतात तिथून मळ पोटात झिरपण्याची, भीती गेली का? मीही हेच विचारत फिरायचो. मी डॉक्टर नाही, त्याच ऑपरेशनातून गेलेला पेशंट आहे. तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा.

माझ्या मते भीती जात नाही. जोड देताना मारलेल्या स्टेपलच्या, म्हणजे बारीक पिनांच्या, रेषेवर लावायच्या पट्ट्या मिळतात. काही विरघळणाऱ्या धाग्याच्याच जातीच्या, काही गाईगुरांच्या हृदयाच्या आवरणापासून किंवा डुकराच्या आतड्यापासून केलेल्या. शिवाय फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, गोंद असतो, आणि काही सर्जन पोटातलीच चरबीची झालर, ओमेंटम, जोडाभोवती गुंडाळतात. पण यातलं काहीही लावलं की लीक टळतंच, असं आजवरच्या अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. विरलेल्या कापडाला ठिगळ लावलं तरी टाका धरायला कापडच लागतं ना! दोन्ही टोकांना रक्त नीट पोचतंय का आणि जोडावर ताण तर नाही ना, हे खरं महत्त्वाचं. जोड गुदद्वाराच्या जितका जवळ तितका धोका जास्त. वडील सिगारेट ओढत असतील तर आजपासून बंद. स्टिरॉइड चालू असतील किंवा अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी असेल तर सर्जनशी त्यावर आधी बोला, पट्टीवर नंतर.

आता ज्याने मला सर्वात जास्त छळलं ते सांगतो. घरी आल्यावर ताप चढला, दुसऱ्या हॉस्पिटलात सीटी केला. जोडाजवळ हवेचे बुडबुडे असलेला गोळा दिसला, पू असावा असा संशय. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आत काही ठेवलं होतं का?" रक्त थांबवायला सेल्युलोजची जाळी ठेवतात, ती भिजून फुगते, तिच्यात हवा अडकते आणि स्कॅनवर ती हुबेहूब पुवासारखी दिसते. माझ्या डिस्चार्ज कार्डावर एवढंच: "आतड्याचा भाग काढून जोड दिला." पुढे काही नाही.

पहिल्या हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग म्हणाला, फाइल अजून खाली आली नाही. मग म्हणाला, अर्ज द्या. अर्ज दिला तर पेशंटची सही समोर हवी, आणि पेशंट, म्हणजे मी, तिकडे सलाइन लावून उपाशी झोपलेला! शेवटी हातात काय ठेवलं, तर त्याच डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. इकडे नळी घालून पू काढायची तयारी चाललेली. एका ज्युनिअर डॉक्टरने स्वतः फाइल शोधून फोटो पाठवला, तेव्हा कळलं. ऑपरेशन नोटच्या मागच्या पानावर जाळीच्या पाकिटाचं स्टिकर होतं, लॉट नंबरसकट, अर्धं सुटलेलं. नळी टळली. ताप निघाला लघवीच्या इन्फेक्शनचा. त्या खिडकीवरच्या माणसाला यातलं काही कळलंही नसेल.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. ऑपरेशन नोटची प्रत आणि आत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूच्या स्टिकरचा फोटो घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. वडिलांना प्राण्यापासून केलेलं मटेरियल नको असेल तर संमतीपत्रावर सही करण्याआधीच सांगा.

पण माझा गोळा जाळीचा निघाला म्हणून तुम्ही गाफील राहू नका. जोड पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वात कच्चा असतो, आणि लीक बरेचदा पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे कळतं, कधी घरी गेल्यावरही. नाडी विनाकारण पळतेय, पोट फुगतंय, ताप आहे, तर "गॅस असेल" हे उत्तर ऐकून परत येऊ नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी (शरीरातली सूज, इन्फेक्शन दाखवणारी रक्ततपासणी) लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर पुढे काय तपासणार, हे स्पष्ट विचारा.

तात्पुरता स्टोमा, म्हणजे आतडं पोटावर उघडून मळ बॅगेत जाईल अशी वाट, करू म्हणाले तर घाबरू नका. लीक झालंच तर मळ जोडापर्यंत पोचत नाही, त्यामुळे जिवावरचं संकट सहसा टळतं. फक्त त्याची जागा ऑपरेशनआधी वडिलांना बसवून आणि उभं करून पेनाने आखून घ्यायला सांगा. माझी बेल्टच्या रेषेतच आली आणि बॅग सारखी सुटायची.